कबुलीची पाळी

सांगली, ३ जुलै १९७७

चि. बिराप्पा,

तुझं रजिस्टर पत्र पोचलं, सही करून घेतलं. चार वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. तोही टपालखात्याला साक्षीला ठेवून पाठवलास, म्हणजे उद्या आक्का 'मिळालंच नाही' म्हणायला मोकळी राहू नये. खुर्ची मिळायच्या आधीच साहेबी अंगात मुरली म्हणायची.

सोबत तुझ्या वकिलांची चिठ्ठी होती. 'आपल्या भगिनींचे सहकार्य अत्यावश्यक आहे.' हे वाक्य मी वसतिगृहातल्या पोरींना वाचून दाखवलं नाही, पण मनात दोनदा वाचलं. मी कुणाला अत्यावश्यक आहे असं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. वसतिगृहाच्या कमिटीला तर मी आवश्यकसुद्धा वाटत नाही. त्यांना वाटतं पोरी आपोआप जेवतात.

मला उमगलं ते असं. तू नायब तहसीलदाराच्या परीक्षेत निवडला गेलास. सरकारनं छापील कागदावर विचारलं, तुम्हाला कधी कोर्टात शिक्षा झाली आहे काय. तू 'नाही' लिहिलंस. पोलिसांनी जुनी बाडं उपसली, त्यात निघालं, की बिराप्पा नाथाजी, धंदा मेंढपाळी, यानं जंगलखात्याच्या गार्डाला ढकलून पाडलं आणि गुन्हा कबूल केला. आता वर्ष संपायच्या आत कोर्टाकडून ते पुसून आणायचं, नाहीतर निवड रद्द.

तू 'नाही' लिहिलंस ते खोटं लिहिलं नाहीस, एवढं मी कुठंही सांगेन. आपल्यात पाळीला शिक्षा कोण म्हणतं? पण हे तुझ्या साताऱ्यात कुणाला समजायचं. वकिलांना सविस्तर हकिकत हवी आहे, म्हणून हे पुढचं त्यांच्यासाठी. त्यांना हेच पान दाखव, बाकीची दाखवू नकोस.

वकीलसाहेब, आम्ही माणदेशातली मेंढरांची माणसं. दिवाळी झाली की पाच घरांची मेंढरं एक करून पश्चिमेला उतरायचं, मिरगाला माघारी. वाटेत कुणाच्या उसात तोंड गेलं, कुठं राखीव जंगलात पाय पडला, की कुणीतरी धरतो, आणि धरलं की नाव विचारतो. म्हणून पाच घरांत नाव सांगायची पाळी असते. या खेपेला कोंडीबाचं घर, पुढल्या खेपेला सिद्धूचं. ज्याची पाळी त्यानं पुढं व्हायचं, नाव द्यायचं, आणि कोर्टात साहेब काय वाचून दाखवतो तिकडं लक्ष न देता 'कबूल' म्हणायचं. 'कबूल' म्हटलं की मेंढरं कोंडवाड्यातून सुटतात. 'नाही' म्हटलं की तारीख पडते, आणि तारीख मेंढरांना खाता येत नाही. दंड पाची घरं वाटून भरतात. भाकरी थापायची पाळी असते, राखणीची पाळी असते, तशी ही.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात शिराळ्याच्या डोंगरात एका गार्डानं आम्हाला धरलं. पाळी आमच्या घराची. वडील तापानं पालात पडलेले. बिराप्पा कॉलेजच्या सुट्टीला आला होता, तो झाडाखाली पुस्तक वाचत होता. मी पुढं झाले, म्हणाले, "लिवा, बनाबाई नाथाजी." गार्ड हसला. "बाईचं नाव घिऊन मी काय करू? बाप्या माणूस न्हाई का कुणी?" असं म्हणत तो हसत माझ्याकडं पाठ करून वळला, आणि आमच्या एडक्यानं त्याला मागून धडक दिली. गार्ड पालथा, टोपी ओढ्यात. उठल्या उठल्या त्यानं आधी कोण हसतंय ते बघितलं. सगळीच हसत होती. मग बिराप्पा पुस्तक मिटून आला आणि नाव सांगून मोकळा झाला. गार्डानं वरच्यांना काय कळवावं, मेंढरानं पाडलं म्हणून? त्यानं माणसानं पाडलं असं लिहिलं. कोर्टात ते वाचलं गेलं आणि बिराप्पा पाळीप्रमाणे 'कबूल' म्हणाला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. एडक्यावर काही कारवाई झाली नाही.

हकिकत संपली.

आता तुला. माझी साक्ष द्यायला हरकत नाही. पण सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानणार. गार्डानं स्वतः सांगायला हवं, असं वकिलांनीच खाली लिहिलंय. तो जिवंत आहे का ते बघते. याला सहकार्य समजावं.

आक्का

उत्तराला साधं टपाल चालेल.

सांगली, २१ ऑगस्ट १९७७

चि. बिराप्पा,

गार्ड जिवंत आहे. चांगला धट्टाकट्टा आहे, हरिबा त्याचं नाव, आणि शिराळ्याजवळच्या खेड्यात पेन्शन खात बसलाय.

नागपंचमीची सुट्टी होती म्हणून मी तो दिवस धरला. एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. शिराळ्यात मडक्यांतून नाग मिरवत होते, ताशे वाजत होते. सगळा मुलूख नाग बघायला लोटलेला आणि मी एकटी गार्ड बघायला.

त्याच्या सोप्यावर सणाला आलेले पाहुणे बसलेले. मला कुणी कोण म्हणून विचारलं नाही. सणादिवशी कुणी विचारत नाही. भिंतीवर काचेची चौकट आहे. तीत जंगलखात्याचं प्रशस्तिपत्र, 'कर्तव्य बजावताना दाखविलेल्या धाडसाबद्दल'. हरिबा त्याच्याच खाली बसून सांगत होता.

"पंधरा जण हुते. कुऱ्हाडी घिऊन. मी एकला. म्हटलं, मारा, पर जंगलात पाय टाकू देणार न्हाई."

एक पाहुणा म्हणाला, "गेल्या साली धा हुते की वं दाजी."

"गेल्या साली मी समदं सांगितलं न्हवतं."

त्याची बायको, चंद्राबाई, चहा घेऊन आली. अंगानं बारीक, जीभ आपल्या घरची वाटावी अशी. म्हणाली, "आवं, समदं सांगता तर लागलं कुठं त्ये बी सांगा."

हरिबा खाकरला आणि नागांच्या गोष्टीकडं वळला.

मी कप उचलायचं निमित्त करून तिच्यामागं चुलीशी गेले. तिला खरं काय ते सांगितलं. तिला काडीचंही नवल वाटलं नाही. "माणूस ढकलतो त्यो फुडनं ढकलतो, बाई. ह्यास्नी म्हैनाभर बसता येत न्हवतं. मिठाची पुरचुंडी करून शेकलंय मी. मला काय कळत न्हाई व्हय, पर बोलायचं कशाला. बक्षीस आलं, चौकट आली."

पाहुणे पांगल्यावर मी हरिबाच्या पुढ्यात बसले. म्हणाले, "गार्डसाहेब, मी माणातली. त्या सालची. नाथाजीची बनाबाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे तू आता एडक्याचं म्हणायला आलीस."

मी एडक्याचा शब्दही काढला नव्हता.

मग मी तुझं सांगितलं. नोकरीचं, मुदतीचं. वकिलांनी सांगितलेलंही सांगितलं, की तुम्ही त्या वेळी शपथेवर बोललाच नव्हता, पोरगा कबूल म्हणाला आणि प्रकरण मिटलं, तेव्हा आता खरं सांगितलंत तर तुमच्या पेन्शनला कुणी हात लावणार नाही. तो सगळं नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, ह्या गावात माझी एक गोष्ट हाय. दुसरी न्हाई. ती बी नेतीस?"

यावर तुझ्या वकिलांकडं उत्तर असलं तर कळव. मी चपला घातल्या आणि निघाले.

येताना एस.टी.त एकच गोष्ट डोक्यात. त्या म्हाताऱ्याची ती एक गोष्ट भिंतीवर काचेत आहे. तुझीही तीच गोष्ट बाच्या तोंडी होती, मरेपर्यंत. बरं आहे तुम्हा दोघांचं. एका धडकेत दोन पुरुषांचा जन्म सुधारला. आणि एडक्याच्या सगळ्यात जवळ उभी होते मी.

आक्का

सांगली, ३० सप्टेंबर १९७७

बिराप्पा,

सेशन कोर्टानं जुना निकाल बाजूला ठेवला आणि खटला पुन्हा तालुक्याला चालवायला सांगितला, हे तुझ्या पत्रावरून कळलं. डिसेंबरातली तारीख कळली. त्या तारखेला गार्ड बोलला नाही तर तू जिथं होतास तिथंच, हेही कळलं. बाकी पत्रात जे लिहिलंस ते लिहायला नको होतंस.

'आक्का, तू मला आईच्या जागी आहेस. तुझ्या मोठ्या मनाला मी ओळखतो.'

माझं मन मोठं आहे हे तुला कुणी सांगितलं? चांगलं लहान आहे. मापून बघ. चौथीत मी पहिली आले त्या साली तू रांगत होतास. पुढं तू पाटीला लागायचा झालास आणि मेंढरांमागं एक माणूस कमी पडायला लागलं. कोणतं माणूस, ते विचारायचीही कुणाला गरज पडली नाही. मग लग्न, मग नवऱ्यानं टाकलं, मग पुन्हा मेंढरं. सातवीची परीक्षा मी तिशी उलटल्यावर इथल्या पोरींच्या शेजारी बसून दिली. तुझा रिझल्ट लागला की बा पेढे वाटायचा. माझा लागला तेव्हा म्हणाला, "बरं झालं, पत्र वाचायला येतील." कुणाची पत्रं, ते म्हणाला नाही. तुझीच.

बा आजारी पडला तो माझ्याकडं. दुखणं मी काढलं. आणि तो दाराकडं बघत विचारायचा, "बिरा आला न्हाई का अजून?" तू आलास तिसऱ्या दिवशी, माती झाल्यावर. सगळे म्हणाले, पोरगं कसं धावत आलं बघा. त्यावर मी म्हणाले, "पाव्हणं आलं, पाणी द्या कुणीतरी." ते तू चार वर्षं धरून बसलास. धर. मी माघार घेतलेली नाही.

पण एवढा हेवा कुणीही करतं. बहिणी भावांचा करतातच, फक्त राखीच्या दिवशी तो बोलायचा नसतो. माझी गंमत त्याच्यापुढची आहे. मी तुझ्या शिक्षेचासुद्धा हेवा केला.

त्या दिवशी तू कोर्टातून तळावर आलास. बा तापात उठला, स्वतःचा फेटा काढून तुझ्या डोक्यावर ठेवला. कोंडीबातात्यानं बकरं पाडलं. "शिकल्यालं पोरगं, पर पाळीला चुकलं न्हाई," असं जो तो म्हणत होता. कुणी गुन्हेगाराचा एवढा थाट केलेला मी पुन्हा पाहिला नाही. मी पालामागं मसाला वाटत होते. मटण चांगलं झालं होतं. तेवढं श्रेय मला मिळालं.

नाव आधी मी दिलं होतं, बिराप्पा. गार्डानं घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. इतरांनी ऐकलं नसेल, मेंढरांचा कालवा होता. तू ऐकलंस. पुस्तकातनं मान वर करून बघितलंस. त्या दिवशी फेटा डोक्यावर असताना एकदा म्हणायचं होतंस, की आक्का पुढं झाली होती. तेवढं म्हणाला असतास तर मी जन्मभर तुझी पत्रं वाचत बसले असते.

म्हणून आता शिराळ्याला जाणार नाही. गार्ड तुझा, गुन्हा तुझा, खुर्ची तुझी. तू जा.

आक्का

सांगली, २० नोव्हेंबर १९७७

चि. बिराप्पा,

तू गेलास म्हणे. चंद्राबाईनं कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलंय. तसंच्या तसं उतरवते:

'तुमचा भाऊ आला हुता. विजार घालून वकिलाला संगती घिऊन आला. मिठाईचा पुडा ठिवला. मालक म्हणाले ह्यो सायेब होणार आणि त्यापायी मी मेंढराखाली जाऊ व्हय. पुडा कुत्र्याला घातला. समदं इस्कटून गेला. तुमीच या.'

हे कार्ड वाचून मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही. मुदपाकखान्यात जाऊन मी आमटीत मीठ घातलंय की नाही हे तीनदा बघून आले, इतकी खुशीत होते. एवढी मोठी परीक्षा पास झालास आणि एका म्हाताऱ्याच्या सोप्यावर तुझं काही चाललं नाही.

मग गेले. का गेले, विचारू नकोस. तुला जमलं नाही ते मला जमतं का, हे बघायला गेले म्हण.

हरिबा अंगणात एका एडक्याची मान तेलानं चोळत होता. त्याच्या पुतण्याचा एडका, जत्रेतल्या टकरीसाठी पाळलेला. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी जवळ जाऊन बसले. एडक्याच्या मानेवरून हात फिरवला, जबडा उघडून दात बघितले. म्हणाले, "ह्येला हरभरा जास्ती हुतोय. धाप लागंल."

"लागतीच धाप," हरिबा म्हणाला. तोंड फिरवलेलंच, पण बोलला.

मग एडक्यांवर बोलणं निघालं. माणूस टकरीचा शौकीन आहे, बिराप्पा. कुठल्या जत्रेत कुणाचा एडका कितव्या धडकेला माघारी फिरला, ते तोंडपाठ. मी ऐकत बसले, मधूनच आपल्याकडचं एखादं सांगत गेले. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "गार्डसाहेब, तुमाला ज्यानं पाडलं त्यो फुडं काय झाला, ठावं हाय का?"

त्याचा हात थांबला.

"त्यानं फुडल्या दोन सालांत माणातल्या जत्रा मारल्या. त्याच्याफुडं एडकं उभं ऱ्हात न्हवतं. खरसुंडीला त्याचं नाव घेतलं की लोक एडकं माघारी न्यायचं."

"त्यो? त्योच?"

"त्योच."

"शिंगं कशी हुती वं? मला मागनं काय दिसतंय."

"दोन दोन वेटोळी," मी म्हणाले.

तुला माहीत आहे तो भुंडा होता. माणातल्या एकाही जत्रेत तो गेला नाही. त्याच पावसाळ्यात आपण तो दहिवडीच्या बाजारात विकला. हे मी कोर्टात बोललेले नाही, सोप्यावर बोलले आहे, आणि सोप्यावर कुणी शपथ देत नाही.

हरिबा बराच वेळ एडक्याच्या कपाळावर अंगठा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे नावाजल्याला हुता म्हणा की."

"तुमी हुता म्हणून उठला. त्याची धडक खाऊन माणूस उठल्याला मी दुसरा बघितला न्हाई."

दारात उभ्या चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. हरिबानं आत चौकटीकडं बघितलं. पंधरा माणसं आणि कुऱ्हाडी एका पारड्यात, आणि खरसुंडीचा एडका दुसऱ्या. वजन होताना मला दिसत होतं. पंधरा माणसं कुणीही सांगतं. असा एडका आजूबाजूच्या कुठल्याच गावात कुणाच्या अंगावर आलेला नव्हता.

"तारीक कवा हाय?" त्यानं विचारलं.

तर गार्ड येतो आहे. तू त्याला भेटू नकोस, पत्र पाठवू नकोस, पुडा तर मुळीच नको. वकिलांना सांग, एवढंच विचारा: कुणी पाडलं. पुढं तो थांबवला तरच थांबेल.

आक्का

सांगली, १८ डिसेंबर १९७७

चि. बिराप्पा,

निकाल लागला, तू निर्दोष सुटलास, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी लिहिते, कारण तू आत होतास आणि मी बाहेर, आणि बाहेरचं तुला कुणी सांगितलं नसणार.

आधी आतलं, जेवढा वेळ मी आत होते तेवढं. आपली पाच घरं तालुक्याबाहेरच्या माळावर तळ टाकून होती. ती कोर्टात येतील असं मला वाटलं नव्हतं. आली, आणि बाहेर कडुलिंबाखाली कोंडीबातात्यानं तुला काय विचारलं तेही मी ऐकलं. "कबूल म्हटल्यालं माघारी घ्यायचं? मग पाळीला काय ऱ्हायलं रं? उद्या सिद्धूचं पोरगं म्हणंल, मी बी घेतो माघारी." तू वकिलांकडं बघितलंस. वकील घड्याळाकडं बघत होते.

मग आत गेलो. साक्षीदारांना अजून बाहेर काढलं नव्हतं. न्यायाधीशांनी आरोप वाचला आणि विचारलं, "कबूल आहे का?" आणि तुझं तोंड उघडेना.

बिराप्पा, खरं सांगते, त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला. ह्याच्यासाठी मी दोनदा एस.टी.चे धक्के खाल्ले, भुंड्या एडक्याला शिंगं लावली, आणि दोन अक्षरं म्हणायची तर हा मुका. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. तुझी मान मागच्या बाकाकडं वळली, जिथं कोंडीबातात्या फेटा मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटायचं तू पाळी कधीच विसरलास. साताऱ्यात, हेडमास्तर सासऱ्यांच्या घरात, कुठं आठवत असेल. तुला आठवत होती. नोकरी जाताना दिसत होती तरी तुला ते शब्द टाकवत नव्हते. हेही माझ्यापेक्षा तुझ्यात जास्तच निघालं म्हणायचं. याचाही हेवा करून घेतला, उभ्या उभ्या.

आणि मग मी बोलले. कसं बोलले ते मला ठाऊक नाही. "तात्या, ती पाळी त्याची न्हवती. नाव मी आदी दिलं हुतं. गार्डानं घेतलं न्हाई. पाळी माझी."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन."

मी बसले. मागून सिद्धूचा आवाज आला, अगदी हळू, "मी ऐकलं हुतं तवा. बोललो न्हाई." म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. माझी समजूत होती तुझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. अकरा वर्षं दोन पुरुष मिळून ते गिळून बसले होते.

कोंडीबातात्या म्हणाला, "असं व्हय." आणि फेटा डोक्यावर घातला.

मग तू म्हणालास, "कबूल नाही."

पुढं आम्हाला बाहेर काढलं. मी आणि हरिबाबरोबर आलेली चंद्राबाई व्हरांड्यातल्या बाकावर. मी इस्त्रीचं लुगडं नेसले होते. काय काय विचारतील त्याची उत्तरं रात्रीपासून घोकली होती. मला विचारणार, तुम्ही तिथं काय करत होतात, मग मी सांगणार. मला विचारणार, नाव का दिलं नाहीत, मग मी सांगणार. कोर्टाचा कारकून ते सगळं लिहून घेणार.

आतून हसू ऐकू आलं. एकदा, मग पुन्हा, मोठ्यानं. शिपाई डोळे पुसत बाहेर आला. म्हणाला, "गार्डसाहेब शिंगं दाखवत्यात. साहेब म्हणत्यात हात खाली घ्या, हे घेत न्हाईत. सरकारी वकिलांनी इचारलं, मागनं आला तर शिंगं दिसली कशी. तर म्हणत्यात, साहेब, लागली तवा कळली."

चंद्राबाई म्हणाली, "हे खरं बोलले."

थोड्या वेळानं तुझे वकील आले, हसतच. "बाई, झालं काम. तुमची साक्ष लागलीच नाही."

लागलीच नाही. अत्यावश्यक सहकार्य म्हणून बोलावलं होतं.

त्या निकालाच्या कागदात तुझं नाव आहे, हरिबाचं आहे. एडका आहे, तोही 'मोठ्या शिंगांचा'. माझं नाही. वकिलांनी मला वाचून दाखवला तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकला, सहीपर्यंत.

बाहेर सगळे तुझ्याभोवती. हरिबाभोवती त्याहून जास्त. तो कंबरेत वाकून धडक कशी बसली ते दाखवत होता आणि माणसं हटून जागा करून देत होती. मी पिशवी उचलली तर समोर कोंडीबातात्या. तंबाखू मळत उभा.

"बनाबाई, कोर्टानं ती पाळी मोडली. म्हंजे नाथाजीच्या घराकडं एक पाळी निघती. बिरा तर सायेब झाला. कुणाची धरायची?"

"आत सांगितलं की."

"बाईची पाळी आजवर न्हवती."

"न्हवती."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली, चुना पुसला. "तुज्या त्या वसतिगृहातनं सुट्टी मिळंल न्हवं? धरलं आणि निरोप धाडला तर यावं लागंल. कोर्टात उभं ऱ्हावं लागंल."

"येईन."

"मग धरली," तात्या म्हणाला आणि माणसांत निघून गेला. बाकीच्या चार घरांना त्यानं तिथंच सांगितलं. सिद्धूनं लांबून माझ्याकडं बघून मान हलवली. बस्स, एवढंच. फेटा कुणी डोक्यावर ठेवला नाही. ठेवायला बा नव्हता.

आणि मग तू आलास. गर्दीतनं वाट काढत, सासऱ्यांना मागं सोडून. पाया पडलास. तुझे डोळे भरले होते. म्हणालास, "आक्का, माझ्यासाठी तू पाळी अंगावर घेतलीस."

त्या वेळी मी गप्प बसले. तुझे सासरे ऐकत होते, आणि तुझा दिवस होता. आता लिहिते. तुझा हुकूम येईल, खुर्चीवर बसशील, लोक हार घालतील, तेव्हा तू चार माणसांत हे सांगशील मला ठाऊक आहे. बहिणीनं भावासाठी काय केलं, वगैरे. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतील. सांगू नकोस.

तुझ्यासाठी नाही घेतली. मला हवी होती.

आक्का